काचेच्या पेटीतले बाळ



"बाळाला काचेत ठेवलंय." हे वाक्य तुम्ही घरी किंवा शेजारी कधी ना कधी ऐकले असेल. ते उच्चारताना माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, वजन कमी भरले आहे, म्हणून त्याला दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवले आहे, एवढा अर्थ सर्वांना कळतो. त्या पेटीत नेमके काय चालते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये आमच्या नाशिकला या पेट्यांविषयी सगळे शहर बोलत होते. येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या विशेष काळजी कक्षात एकट्या ऑगस्ट महिन्यात ५५ बाळे दगावली आणि एप्रिलपासूनच्या पाच महिन्यांत १८७, असे वर्तमानपत्रांत छापून आले. पेट्या होत्या १८ आणि बाळे त्याहून बरीच अधिक. त्यामुळे एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती. यांपैकी बरीच बाळे अपुऱ्या दिवसांची आणि कच्च्या फुप्फुसांची होती, कित्येक तर खाजगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या अवस्थेत आणली गेली होती, असे रुग्णालयाने सांगितले.

त्याच आठवड्यात मी वर्गात न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम शिकवत होतो. एका विद्यार्थ्याने हात वर केला. "सर, एका पेटीत दोन बाळं ठेवली तर बिघडतं काय? उलट एकमेकांची ऊबच मिळेल ना?" वर्गात कोणी हसले नाही. मलाही लगेच नीट उत्तर देता आले नाही. कॅलरीमापी आणि गरम पाणी घेऊन हा नियम मी वर्षानुवर्षे शिकवत आलो, पण तो दीड किलोच्या बाळाला लावून पाहिला नव्हता. या लेखात आपण तो लावून पाहू.

सुरुवात बटाट्यांपासून करू. एक मोठा बटाटा आणि एक लिंबाएवढा बटाटा एकाच पातेल्यात उकडा आणि बाहेर काढून ताटात ठेवा. दहा मिनिटांनी लहान बटाटा सहज हातात धरता येतो, मोठ्याने अजून बोट पोळते. दोघांची सुरुवात एकाच तापमानापासून झाली होती, मग असे का व्हावे? उष्णता साठते ती वस्तूच्या घनफळात, आणि निसटून जाते ती पृष्ठभागावाटे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे घनफळ १ घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. चार सेंटिमीटर बाजूच्या घनाचे घनफळ ६४, पण पृष्ठफळ फक्त ९६. म्हणजे लहान घनाच्या वाट्याला दर घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो, तर मोठ्याच्या वाट्याला दीडच. वस्तू जितकी लहान, तितकी तिला उष्णता बाहेर जाण्याची दारे अधिक.

आता माणसाकडे वळू. ६० किलो वजनाच्या माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण १६,००० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे किलोमागे सुमारे २७०. दीड किलोच्या बाळाचे क्षेत्रफळ साधारण १,३०० चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे किलोमागे जवळजवळ ८७०. आपल्या सव्वातीन पट! शिवाय या बाळाची कातडी पातळ असते आणि तिच्याखाली चरबीचे अस्तर जवळपास नसतेच. आणखी एक गोष्ट पाहा. बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते आणि एकूण पृष्ठभागाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याचाच असतो. आपल्या आज्या तान्ह्या बाळाला टोपडे किंवा कुंची घातल्यावाचून उंबऱ्याबाहेर नेऊ देत नसत, त्यामागे हे गणित आहे. आज्यांचे सगळेच शास्त्रीय होते असे मी म्हणणार नाही, पण टोपड्याला भौतिकीचे पूर्ण गुण द्यायला हवेत.

बाळ जन्मते ते ओलेचिंब. ३७ अंश सेल्सिअसच्या पोटातून ते खोलीतल्या हवेत येते आणि अंगावरचे पाणी सुकू लागते. माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही शिकला आहात. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी अप्रकट उष्मा लागतो. समजा, बाळाच्या अंगावर फक्त १० ग्रॅम, म्हणजे दोन चमचे पाणी आहे. ते सुकायला ५,८०० कॅलरी लागतील. बाळाच्या शरीराचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.८३ धरला, तर दीड किलोच्या बाळाचे तापमान एक अंशाने उतरायला १,५०० × ०.८३ म्हणजे सुमारे १,२५० कॅलरी जाव्या लागतात. वाफेसाठी लागणारी सगळी उष्णता बाळाच्याच अंगातून गेली, तर तापमान साडेचार अंशांनी उतरेल. निम्मी हवेने पुरवली असे मानले, तरी दोन अंशांहून जास्त. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांमध्ये असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा अर्थ, केवळ दोन चमचे पाणी पुसायला उशीर झाला, तर बाळ धोक्याच्या रेषेखाली जाऊ शकते. जन्मल्याबरोबर बाळाला कोरड्या फडक्याने पुसावे, ओले फडके लगेच बदलावे आणि पहिली अंघोळ निदान एक दिवस लांबवावी, असे प्रसूतिगृहात सांगतात. त्यामागचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

बाळ पुसून कोरडे केले, खोलीची दारे-खिडक्या लावल्या, वारा थांबला. आता तरी भागेल का? नाही. प्रारण अजून शिल्लक आहे. निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक असते. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असले आणि वारा पडला, की पाने आणि मणी आपली उष्णता आकाशाकडे प्रारित करतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. खोलीतल्या बाळाचे तसेच आहे. त्याच्या भोवतीची हवा उबदार असली, तरी समोरची भिंत किंवा खिडकीची काच थंड असेल, तर बाळ त्या भिंतीला उष्णता देत राहते.

किती उष्णता देते? स्टीफनचा नियम लावू. त्वचेचे तापमान ३६ अंश, म्हणजे ३०९ केल्व्हिन. भिंतीचे २० अंश, म्हणजे २९३ केल्व्हिन. दोघांच्या चौथ्या घातांतील फरकाला ५.६७ × १०⁻⁸ ने गुणा. उत्तर येते दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट. बाळाचा निम्माच पृष्ठभाग, म्हणजे ०.०६५ चौरस मीटर, भिंतींकडे उघडा आहे असे धरले, तरी साडेसहा वॅट प्रारणाने जातात. आणि बाळ स्वतः उष्णता निर्माण करते किती? किलोमागे सुमारे दोन वॅट, म्हणजे एकूण तीन. (ज्याला आपण 'झिरोचा दिवा' म्हणत असू, तोसुद्धा १५ वॅट खात असे. बाळाची भट्टी त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी!) जमा तीन आणि खर्च साडेसहा. साडेतीन वॅटची तूट म्हणजे मिनिटाला ५० कॅलरी. १,२५० ला ५० ने भागा, म्हणजे दर २५ मिनिटांना एक अंश. तापमान उतरत जाईल तसा हा वेग थोडा मंदावेल, पण यात वाऱ्याने, ओलेपणाने आणि थंड गादीने जाणारी उष्णता आपण धरलेलीच नाही.

तुम्ही म्हणाल, थंडी वाजली की आपण कुडकुडतो, बाळ का कुडकुडत नाही? कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करणे. नवजात बाळाला ते जवळजवळ येतच नाही. त्याच्याजवळ दुसरी सोय असते. मानेभोवती आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये एक तपकिरी रंगाची चरबी असते आणि ती जाळून बाळ ऊब मिळवते. पण ही शिदोरी आई बाळाच्या अंगात भरते ती मुख्यतः शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची शिदोरी भरायची राहूनच गेलेली असते. शिवाय चरबी जाळायला प्राणवायू लागतो, रक्तातली साखरही वेगाने संपते. ज्या बाळाला श्वास घेणेच जड जाते आहे, त्याच्याकडून थंडी जास्तीचा प्राणवायू मागते. थंडीने मेलेल्या बाळाच्या कागदावर 'थंडी' हे कारण म्हणूनच क्वचित दिसते. तेथे श्वासाचे नाव असते, नाही तर जंतुसंसर्गाचे.

न्यूयॉर्कचे डॉक्टर विल्यम सिल्व्हरमन यांनी १९५८ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटाच्या पेट्यांचे तापमान २९ अंशांच्या आसपास ठेवले, दुसऱ्याचे सुमारे ३२ अंश. बाकी उपचारांत फरक नव्हता. उबदार पेट्यांतली बाळे शंभरामागे सुमारे पंधराने अधिक जगली. केवळ तीन अंशांनी!

आता पेटीकडे येऊ. मुळात ही पेटी कोंबडीच्या अंड्यांची. पॅरिसचे डॉक्टर स्तेफान तार्निये यांनी १८८० च्या सुमारास अंडी उबवण्याची यंत्रे पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी बनवून घेतली. खालच्या कप्प्यात गरम पाणी आणि वर बाळ. आज मात्र सरकारी रुग्णालयात आपण ज्याला 'काचेची पेटी' म्हणतो, तो पुष्कळदा उघडा पाळणा असतो, वॉर्मर नावाचा. त्याला बाजूंना पारदर्शक फळ्या असतात आणि वर विजेची तार तापवून ऊब खाली सोडलेली असते. म्हणजे भिंत जेवढे प्रारण बाळाकडून घेते, तेवढे ही तार त्याला परत देते. त्यातली खरी खुबी बाळाच्या पोटावर चिकटवलेल्या बटनाएवढ्या तापमापकात आहे. त्यात थर्मिस्टर असतो. त्वचा ३६.५ अंशांच्या खाली गेली की तो तारेला 'तापव' म्हणतो, वर गेली की 'थांब' म्हणतो. इस्त्री जशी आपोआप चालू-बंद होते, तसेच हे काम.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. समजा, एका वॉर्मरवर दोन बाळे आहेत आणि तापमापक पहिल्याच्या पोटावर आहे. पहिले बाळ दोन किलोचे, दुसरे एक किलोचे. पहिले पुरेसे उबदार झाले की तार थांबते. दुसरे, जे लहान आहे आणि अधिक वेगाने निवते, ते गार होत राहते आणि यंत्राला त्याचा पत्ताच नसतो. आता तापमापक लहान बाळावर लावा. ते उबदार होईपर्यंत मोठे बाळ तापून निघेल. पहिल्या बाळाला ताप आला, तर यंत्र समजेल की खोली गरम आहे, आणि तार बंद करील. तीन बाळे असतील तर विचारायलाच नको. तो मुलगा पूर्ण चुकला नव्हता. दोन बाळे एकमेकांना चिकटून असली, की उघडा पृष्ठभाग कमी होतो आणि ऊब थोडी टिकते, हे खरे. पण यंत्र एका वेळी एकाच बाळाशी बोलते.

त्यात जंतू आले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रतिकारशक्ती तोकडी असते. एकाच दुपट्यावर दोन कातड्या टेकल्या, एकाच हाताने दोघांच्या नळ्या हाताळल्या, की एकाचा संसर्ग दुसऱ्याचा व्हायला वेळ लागत नाही. अशा कक्षात तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, असा संकेत आहे. बाळे दुप्पट झाली तरी सिस्टरचे हात दोनच राहतात. मग १८ पेट्या भरल्यावर एकोणिसावे बाळ दाराशी आले, तर डॉक्टरांनी काय करायचे? परत पाठवायचे? माझ्या मते त्यांनी आत घेतले हेच बरोबर केले. चूक एकोणिसाव्या बाळाला घेण्यात नव्हती. एवढी बाळे येणार हे ठाऊक असताना पेट्या १८ राहिल्या, यात होती.

आणि पेटी आहे म्हणून काळजी मिटली, असेही नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी सात वाचवता आली, दहा गेली. विजेची उपकरणे अहोरात्र चालू आणि हवेत प्राणवायू अधिक, अशा खोलीत एक ठिणगी काय करते, हे रसायनशास्त्राच्या तासाला प्राणवायूच्या नळीत धुमसती काडी घालताना तुम्ही पाहिले असेल.

कच्च्या फुप्फुसांचा उल्लेख वर आला, त्याविषयी थोडे सांगतो, कारण तोही आपल्याच विषयाचा भाग आहे. फुप्फुसात लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि प्रत्येकाला आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याला पृष्ठताण असतो, त्यामुळे हा थर कोशाला मिटवायला पाहतो. मिटवणारा दाब काढायचा तर पृष्ठताणाची दुप्पट करून तिला त्रिज्येने भागायचे. त्रिज्या लहान, तर दाब मोठा. म्हणजे सर्वांत लहान कोश आधी मिटणार. निसर्गाने यावर साबणासारखा उपाय केला आहे. फुप्फुसे सर्फॅक्टंट नावाचा एक द्राव तयार करतात आणि तो पृष्ठताण कमी करतो. पण तो पुरेसा तयार होतो ३४-३५ आठवड्यांनंतर. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्यासारखा, नवा फुगा फुगवल्यासारखा घ्यावा लागतो आणि ते दमते. या आजारात सर्फॅक्टंट कमी असते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. तेव्हा पैसा किंवा सत्ता यांचा काही उपयोग नव्हता, कारण उपायच सापडला नव्हता. पुढे १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवले, की प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. हे औषध आज स्वस्त आहे. दुसरा उपाय तर तुमच्या प्रयोगशाळेतला वाटेल. बाळाच्या नाकात हवेची नळी बसवतात आणि उच्छ्वासाच्या नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवतात. मग फुप्फुसातला दाब पाच सेंटिमीटर पाण्याच्या दाबाखाली उतरत नाही आणि कोश मिटत नाहीत. पाणी बुडबुडत असते, तोवर सिस्टरला लांबूनच कळते की सारे ठीक आहे.

नाशिकच्या कक्षात येणाऱ्या बाळांपैकी काही सुरगाणा, पेठ, हरसूल या भागांतून येतात. सुरगाण्याहून नाशिक ऐंशी-नव्वद किलोमीटर, आणि रस्ता घाटाचा. २५ मिनिटांना एक अंश हा हिशेब आठवा. बाळ उघडे, ओले निघाले, तर पेटीपर्यंत पोचण्याआधीच निम्मी लढाई हरलेली असते. म्हणून ऊब गावातच सुरू व्हावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन व तापमान पाहणे, त्याला उबदार पिशवीत ठेवणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही कामे त्या घरी जाऊन करू लागल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ३९ गावांतील नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आलेला दिसला. तेथे काचेची पेटी एकही नव्हती.

आणि आता बोगोटा. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाच्या या राजधानीत १९७८ मध्ये एका प्रसूती रुग्णालयापुढे नाशिकसारखाच प्रश्न होता. पेट्या कमी होत्या, एका पेटीत दोन-तीन बाळे होती आणि संसर्ग पसरत होता. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळ पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीवर, तिच्या कपड्यांच्या आत ठेवायला सुरुवात केली. कांगारूच्या पिल्लासारखे, म्हणून या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. आपल्या हिशेबाने पाहा. बाळाच्या पुढच्या बाजूसमोर आता थंड भिंत नाही, ३५-३६ अंशांची कातडी आहे. उरलेल्या बाजूवर कपडा, डोक्यावर टोपडे. आईची भट्टी ६०-७० वॅटची, तेव्हा बाळाची तीन-चार वॅटची तूट ती सहज भरून काढते. आणि हा वॉर्मर एका बाळासाठीच असतो.

प्रथम ही गरिबांची तडजोड मानली गेली. बाळ स्थिर झाले की मगच आईकडे द्यायचे, असा नियम राहिला. नंतर भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या तीन हजारांहून अधिक बाळांवर अभ्यास झाला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात बाळ आधी पेटीत स्थिर झाले, मगच छातीवर दिले. दुसऱ्या गटात जन्मल्यापासूनच छातीवर ठेवले आणि त्यासाठी आईची खाट कक्षाच्या आत आणली. पहिल्या गटात पहिल्या २८ दिवसांत शंभरातली १५.७ बाळे गेली, दुसऱ्या गटात १२. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. फार आजारी बाळाला यंत्र, प्राणवायू आणि सिस्टर लागतातच, हे विसरू नका. त्या अभ्यासातही हे सर्व होतेच, फक्त आई दाराबाहेर बाकावर बसलेली नव्हती.

आता पुन्हा बटाटे घ्या, लिंबाएवढे, सारख्या वजनाचे तीन. ते कोमट, ४५ अंशांच्या आसपास आले की प्रत्येकात प्रयोगशाळेतला अल्कोहोलचा तापमापक हलकेच खोचा. पहिला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, दुसरा कोरडा, उघड्या ताटात. तिसरा आपल्या सदऱ्याच्या आत पोटाशी धरा आणि स्वस्थ बसा. दर पाच मिनिटांनी तिघांची तापमाने वहीत लिहा, पाऊण तासानंतर एकाच आलेखावर तीन रेषा काढा. तिसरी रेषा कोणत्या तापमानाजवळ आडवी होते, ते पाहा.